बेदाण्याच्या सौद्यात कायदा कुठे असतो? बीबीएच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आहे: "मी सांगलीत बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर तासगावजवळ. वडील आणि काका मिळून बेदाण्याचा व्यापार करतात, पुढे तो मलाच बघायचा आहे. या सत्राला बिझनेस लॉचा पेपर आहे. कलमं, व्याख्या, इंग्लंडमधले जुने खटले, काहीच डोक्यात शिरत नाही. सीनियर म्हणतात, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडव, निघून जाईल. याचा खरंच उपयोग होतो का? अभ्यास कसा करायचा? आणि उपयोग होत असेल तर पदवीनंतर सरळ एलएलबीच करावं का?"

मी २४ वर्षं सांगलीत वकिली करते. कामं बहुतेक व्यापाऱ्यांची: थकलेली बिलं, न वटलेले चेक, भागीदारीतली भांडणं. त्यातली १४ वर्षं बी.कॉम. आणि बीबीएच्या मुलांना हाच विषय शिकवायलाही जाते. वर्गातल्या मुलींना मी अगं-तुगं करते, तसंच तुलाही लिहिते.

तू विचारलंस पेपरबद्दल, पण मला त्यामागे वेगळीच अडचण दिसते. कायदा हे वकिलांचं काम, धंदा हे आपलं काम, आणि भांडण झालं की आपण त्यांच्याकडे जायचं, अशी वाटणी तुझ्या मनात पक्की आहे. व्यापाऱ्यांच्या घराघरांत ती असते. एकदा ती धरली की दोनच वाटा दिसतात: पेपर कसाबसा काढायचा, नाहीतर स्वतः वकील व्हायचं. मधली मोठी जागा दिसतच नाही, आणि हा पेपर तर त्या मधल्या जागेसाठीच आहे. सही करायच्या आधी, माल हलायच्या आधी, उधारी वाढवायच्या आधी "इथे जरा थांबू, कुणाला तरी विचारू" हे तुझं तुला सुचावं, एवढ्यासाठी तो शिकवतात. त्या क्षणी वकील शेजारी नसतो. तू असतेस, हातात फोन असतो आणि पलीकडची पार्टी घाई करत असते.

एक प्रसंग सांगते. बेदाण्याचेच व्यापारी, पन्नाशीचे, व्यवहाराला चोख. दुपारी ऑफिसला आले, कॅरीबॅगमधून चेक काढला. त्याला टाचलेला बँकेचा मेमो, खात्यावर पुरेसे पैसे नाहीत म्हणून. रक्कम पावणेचार लाख. मी आधी मेमोवरची तारीख बघितली, मग भिंतीवरचं कॅलेंडर. ५३ दिवस होऊन गेले होते. "मॅडम, तो दर सोमवारी म्हणायचा, पुढच्या सोमवारी टाकतो. माणूस जुना, म्हणून थांबलो."

चेक-हुंडीच्या कायद्याचं, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं, कलम १३८ सांगतं की चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सोय नाही. चेकची मुदत शिल्लक असती तर तो पुन्हा भरता आला असता आणि पुन्हा परत आल्यावर नोटीस देता आली असती. हे चालतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण चेक तीन महिनेच चालतो आणि तेही संपले होते. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, हा जो धाक त्या कलमात आहे तो हातातून गेला होता. राहिला दिवाणी दावा. तो लावला. पैसे आले, पण हप्त्याहप्त्याने, आणि तडजोडीत काही रक्कम सोडावी लागली.

त्या दिवशी त्यांचा मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसला होता. बी.कॉम., प्रथम श्रेणी. कलम १३८ त्याला पाठ होतं, ३०-१५-३० सकट त्याने मला म्हणून दाखवलं. परीक्षेत लिहिलेलं ते उत्तर आणि वडिलांच्या कॅरीबॅगमधला तो कागद एकच आहे, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. त्याचा दोष मी त्या मुलाला देत नाही. तो आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. तेव्हापासून मी वर्गात कलम सांगायच्या आधी कागद दाखवते.

म्हणजे उपयोग होतो का, याचं उत्तर तू अभ्यास कसा करतेस त्यावर आहे. पाच वर्षांचे पेपर सोडवून मार्क मिळतील, त्यात खोटं काही नाही. फक्त त्या मुलाइतकाच उपयोग होईल.

आता अभ्यासाचं. मी दरवर्षी वर्गात एक गणित घालते, ते तुझ्या घरच्या मालावरच घालते. समजा, एका व्यापाऱ्याचे कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याचे २,००० बॉक्स आहेत, सगळे एकाच प्रतीचे. तुझ्या वडिलांनी नमुना बघून त्यातले ५०० घेतले. भाव ठरला, निम्मे पैसे आरटीजीएस केले, माल पंधरा दिवसांनी उचलायचं ठरलं. आठव्या दिवशी कृष्णेला पूर आला आणि खालच्या मजल्यावरचा माल भिजला. सांगलीकराला ही कल्पना वाटत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आपण बघितलंय. तर नुकसान कुणाचं?

वर्ग लगेच दोन गटांत फुटतो. अर्धी मुलं म्हणतात, पैसे दिले म्हणजे माल आपला, नुकसान आपलं. उरलेली म्हणतात, ताबा घेतला नाही, म्हणजे नुकसान त्याचं. सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३० उघडला की दोघांचंही कारण चुकलेलं निघतं. कलम २६ म्हणतं, वेगळं काही ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. पैसे किती दिले आणि माल कुणाच्या गोदामात आहे, यावर ती ठरत नाही. मग मालकी कधी गेली? कलम १८ म्हणतं, माल नेमका कोणता हे ठरत नाही तोवर मालकी जातच नाही. २,००० पैकी "कोणतेतरी ५००" घेतले असतील तर ते तुमचे झालेलेच नाहीत. नुकसान विकणाऱ्याचं. इतकंच नाही, वरच्या मजल्यावर कोरडे बॉक्स शिल्लक असतील तर त्यातून ५०० देण्याची त्याची जबाबदारी कायम राहते.

आता एकच गोष्ट बदल. सौद्याच्या दिवशी तुझा काका तिथे गेला, दोघांनी मिळून ५०० बॉक्स बाजूला काढले, त्यावर तुमच्या फर्मची चिठ्ठी लावली. झालं. माल ठरला, मालकी तुमची झाली आणि पुराच्या पाण्यात तुमचा माल भिजला, उरलेले पैसे अजून द्यायचे असले तरीही. बॉक्सवरच्या एका चिठ्ठीने लाखोंचं नुकसान एका वहीतून दुसऱ्या वहीत जातं. वर्गात इथे एकदम शांतता होते. मला शिकवण्यातला हा क्षण सगळ्यात आवडतो.

पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात: मग चिठ्ठी लावायचीच नाही का? लावायची, नाहीतर विकणाऱ्याने तोच माल तिसऱ्याला दिला तर काय करणार? पण चिठ्ठी लावताना दोन गोष्टी करायच्या. एक, कोल्ड स्टोरेजवाल्याकडून पावती आपल्या नावाने करून घ्यायची, कारण कलम ३६ प्रमाणे माल तिसऱ्याच्या ताब्यात असेल तर "आता हा माल मी तुमच्यासाठी ठेवलाय" असं तो मान्य करेपर्यंत डिलिव्हरी झाली असं धरत नाहीत. दोन, माल उचलेपर्यंत जोखीम कुणाची हे लिहून ठरवायचं. कलम २६ ची सुरुवातच "वेगळं ठरलं नसेल तर" अशी आहे, म्हणजे ठरवायची मोकळीक कायद्यानेच दिली आहे. व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहिली आणि समोरून "ठीक आहे" आलं, तरी काही नसण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि विमा कुणाच्या नावाने आहे, हे त्याच दिवशी बघायचं.

नमुन्याचंही तसंच. नमुन्यावर सौदा हा आपल्याकडे रोजचा. कलम १७ सांगतं की सगळा माल नमुन्याच्या प्रतीचा असला पाहिजे, आणि ताडून बघायची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे. त्यामुळे नमुन्याची पुडी सौदा झाल्यावर फेकून द्यायची नसते. दोघांच्या सहीनिशी बंद करून ठेवायची असते.

तुझ्या अभ्यासाची पद्धतही यातूनच निघते. धडा वाचायच्या आधी घरातून कागद गोळा कर. एक जुनं बिल, स्टोरेजची पावती, रद्द केलेला चेक, दुकानाचा भाडेकरार, फर्मचं भागीदारीपत्र. बिलाच्या तळाशी "सांगली न्यायकक्षेत" असं छापलेलं असेल. ते का छापतात, त्याने काय होतं? ज्या दोन-तीन ठिकाणी दावा चालू शकतो त्यातलं एक ठिकाण तुम्ही ठरवून घेऊ शकता, पण ज्या कोर्टाचा व्यवहाराशी काही संबंधच नाही त्याला असं छापून अधिकार देता येत नाही. एवढं कळलं की कराराच्या कायद्यातलं कलम २८ तुला वेगळं पाठ करावं लागणार नाही. परीक्षेतही उत्तर याच क्रमाने लिही: घडलं काय, प्रश्न कोणता, नियम काय, तो इथे कसा लागतो. कलमाचा आकडा विसरलीस तरी हा क्रम धरून लिहिलेल्या उत्तराला मी मार्क देते.

जुन्या खटल्यांचा कंटाळा येतो म्हणालीस. आपला कराराचा कायदा १८७२ चा, इंग्रजांनी केलेला, आणि १९४९ पर्यंत आपली शेवटची अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जात होती, म्हणून ती नावं पुस्तकात आहेत. त्यातलं १९०३ चं मोहरी बिबी प्रकरण घे. कलकत्त्यातल्या एका अज्ञान मुलाने घर गहाण टाकून कर्ज घेतलं आणि प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की अज्ञान व्यक्तीचा, म्हणजे आता १८ वर्षांखालच्याचा, करार मुळातच रद्दबातल. आता तुझा १७ वर्षांचा चुलतभाऊ सुट्टीत दुकानावर बसून फोनवर सौदा करतो, तो रद्द का? नाही. तो फर्मच्या वतीने बोलतोय, आणि कराराच्याच कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे अज्ञान व्यक्तीनेही एजंट म्हणून केलेला सौदा फर्मवर बंधनकारक होतो. त्याला मात्र फर्म जबाबदार धरू शकत नाही. दुकानावर कुणाला बसवायचं याचा विचार घरात कधी झालाय का, बघ.

एक विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे: जामीन. सांगली-साताऱ्यात पतसंस्था गावोगावी आहेत आणि कुणा ना कुणाच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस प्रत्येक घरात सापडतो. माझे वडील शिक्षक होते. शेजाऱ्याच्या कर्जाला त्यांनी सही केली, चहा पिता पिता. मी तेव्हा अकरावीत होते. तीन वर्षांनी वसुलीची नोटीस आमच्या दारावर आली, आणि "आधी त्याच्याकडून घ्या, नाही मिळालं तर माझ्याकडे या" असं वडील त्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांना मनापासून वाटत होतं की नियम तसाच असणार. कराराच्या कायद्याचं कलम १२८ उलट आहे. वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि धनको, म्हणजे कर्ज देणारा, आधी जामीनदाराकडेही जाऊ शकतो. पतसंस्थेला तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, नेहमीचा दिवाणी दावाही लावावा लागत नाही. आमच्या घरातलं सोनं त्यात गेलं. इंडेम्निटी (नुकसान भरून देण्याची हमी) आणि गॅरंटी (म्हणजे हा जामीन) यांतला फरक तुमच्या पेपरात हमखास येतो, मुलं दोन रकाने आखून तो पाठ करतात. तू तो वाचताना कुणाच्या कर्जाला वडिलांची सही आहे का, हे विचार. असेल तर कर्ज किती फिटलंय याची माहिती संस्थेकडून लेखी घे.

भाषेचं थोडक्यात. तू मराठी माध्यमातून आली असशील तर कन्सिडरेशन, बेलमेंट हे शब्द अंगावर येतात. कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, एकाने दिलं त्याच्या बदल्यात दुसऱ्याने द्यायचं ते. बेलमेंट म्हणजे माल सांभाळायला देणं, कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवता तेच. कल्पना मराठीत पक्की कर, शब्द इंग्रजीत लिही. आणि पुस्तक कोणत्या वर्षाचं आहे ते बघ. कंपनी कायदा २०१३ चा आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. व्हॉट्सॲपवरचा सौदा कोर्टात दाखवायचा तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून चॅट डिलीट करायचे नाहीत आणि फोन बदलताना जुना विकून टाकायचा नाही.

अभ्यासक्रमात असो-नसो, २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा तेवढा वाच. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांना याचा मोठा आधार आहे. नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असली तरी हा फायदा मिळत नाही. मात्र तुम्ही बेदाण्यावर प्रक्रिया करून पॅकिंग करत असाल तर नोंदणी कशाची आहे हे तुमच्या सीएंना विचारून घे.

आता एलएलबी. इथे सरसकट सांगता येत नाही, तुझ्यावर आहे. दुकानच बघायचं असेल तर त्यासाठी तीन वर्षं घालवायची गरज मला वाटत नाही. हा एक पेपर मन लावून केलास आणि एखाद्या वकिलाशी आणि सीएशी नीट बोलता आलं, की धंद्यापुरतं भागतं. सीए करायचं मनात असेल तर फाउंडेशनलाच बिझनेस लॉजचा १०० मार्कांचा पेपर आहे, पुढेही कायदा सुटत नाही, त्यामुळे आज केलेलं फुकट जाणार नाही. वकिली करायची असेल तर मात्र करच, पण घरबसल्या पदवी मिळेल या समजुतीत राहू नकोस. पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबी सीईटी देऊन, खुल्या गटाला पदवीत किमान ४५ टक्के असतील तर मिळतं, आणि बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते. पत्रद्वारा केलेली कायद्याची पदवी सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, चालत नाही. सनद घेतल्यावर स्वतः धंदा चालवण्यावरही बंधनं येतात. दुकान आणि काळा कोट दोन्ही पूर्ण वेळ सांभाळता येत नाहीत, हे आधीच घरी बोलून घे. दुसऱ्या बाजूने, ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली-सातारा त्यात येतात. हायकोर्टाच्या कामासाठी आम्ही वर्षानुवर्षं मुंबईची रात्रीची गाडी पकडायचो. आता कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. व्यापारी दाव्यांची आवड असलेल्या इथल्या मुलीला हे दिवस चांगले आहेत. गणिताच्या त्या ५०० बॉक्समध्ये तुला मजा आली असेल तर एलएलबीचा विचार नक्की कर. नुसता मार्कांच्या काळजीने विचारत असशील तर घाई करू नकोस.

शेवटचं, आणि हे परीक्षेची वाट न बघता कर. वडील आणि काका "मिळून" व्यापार करतात, असं तू लिहिलंस. भागीदारीपत्र आहे का? असेल तर फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली आहे का? भागीदारी कायदा, १९३२ नोंदणीची सक्ती करत नाही, पण कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या पैशासाठी बाहेरच्या पार्टीवर दावा लावता येत नाही. दावा लावल्यानंतर नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही, नव्याने लावावा लागतो, आणि उधारीची तीन वर्षांची मुदत तोवर संपलेली असू शकते. नोंदणी असेल तरी दाखल्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाच. अनेक घरांत त्यावर अजून आजोबांचं नाव असतं आणि आताच्या भागीदाराचं नसतं. तसं असेल तर नावांचा बदल आधी नोंदवून घ्या, आणि तुला भागीदार करायचं ठरलं तर नवं भागीदारीपत्र करून त्याच वेळी तुझंही नाव लावून घ्या. दाखला बहुधा वडिलांच्या कपाटात जुन्या खातेवह्यांखाली असेल, तिथून शोधायला सुरुवात कर.